गणपतीला गावी जाताय? आईच्या साखरेची कामं उरकून या

गावी पोचलात, चहा झाला, की आईची औषधांची पिशवी मागून घ्या. खळ्यात उजेडाला बसा आणि ती सगळी सुपात ओता. हे काम चतुर्थीच्या आदल्या दिवशीच करायचं. एकदा मखर, माटवी, आरत्या आणि पाहुणे सुरू झाले की कोणी कोणाचं ऐकत नाही.

माझी आई ७२ वर्षांची आहे. कणकवलीपासून आत एका वाडीत एकटी राहते. मी डोंबिवलीला. तिला साखर, म्हणजे मधुमेह, होऊन १७ वर्षं झाली, त्यातली शेवटची चार इन्सुलिनवर. डॉक्टर चांगले आहेत. तीन महिन्यांनी बघतात, सात-आठ मिनिटं देतात, आजकाल तेवढी म्हणजे पुष्कळच. पण मधले ९० दिवस? रोज दोन इंजेक्शनं, चार गोळ्या, पायाला लागलेला काटा, लाईट गेल्यावर इन्सुलिनचं काय करायचं, संकष्टीला गोळी घ्यायची की नाही, हे सगळं तिने एकटीने ठरवायचं. विचारायला घरात फक्त कोंबड्या.

मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. २६ वर्षं नट-बोल्ट मोजतोय. आईच्या औषधांकडे मात्र मी मुलगा म्हणून बघत होतो, स्टोअरकीपर म्हणून नाही, आणि तिथेच घोळ झाला. तो पुढे सांगतो.

सुपातली मोजणी

आधी तारीख उलटून गेलेल्या पट्ट्या बाजूला काढा. मग प्रत्येक पट्टी उलटी करून बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, त्याचा उपयोग नाही. आमच्या सुपात वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्या निघाल्या आणि दोन्हींत मेटफॉर्मिनच होतं, साखर कमी करणारं एकच औषध. एक खाजगी दवाखान्यातली, दुसरी तापाच्या वेळी दुसरीकडे दाखवलं तिथली. आई दोन्ही इमानदारीत घेत होती. अशा वेळी स्वतः काही बंद करू नका. सगळ्या पट्ट्यांचा एक फोटो काढा आणि तो डॉक्टरांना दाखवून विचारा. त्यांनी आमच्यासमोर एक नाव कागदावरून खोडलं, दोन मिनिटांचं काम. पण त्यांच्यापर्यंत दोन्ही पट्ट्या एकत्र कोणी नेल्याच नव्हत्या.

राहिलेल्या औषधांची मूळ नावं एका कागदावर लिहून घ्या. पुढे जनऔषधी केंद्रात जायचं असेल तर हाच कागद लागतो, कारण तिथे कंपनीच्या नावाने नाही, मूळ नावाने औषध मिळतं आणि बरंच स्वस्त पडतं. महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते रुग्णालयात भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. सरकारी रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा, म्हणजे साखर-बीपीसारख्या आजारांचा विभाग असतो, तिथे नाव नोंदवून ठेवा. रोजच्या औषधांचा खर्च तिथे वाचू शकतो.

आता मोजणी. आईचा डोस सकाळी २० युनिट, रात्री १२, म्हणजे दिवसाला ३२. दहा मिलीच्या बाटलीवर '४० आययू/मिली' लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, बाटलीत ४०० युनिट. ४०० भागिले ३२, साडेबारा दिवस. महिन्याला अडीच बाटल्या. आमच्याकडे नियम असा की शेवटची बाटली उघडली त्याच दिवशी मला फोन यायचा. संपल्यावर नाही, उघडल्यावर. पावसात घाट बंद झाला, गाडी आली नाही, मेडिकलवाल्याकडे माल नसला, तरी हातात १२ दिवस असतात. तुमच्या आईच्या डोसचा हिशेब तुम्ही करा आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. तो कशाला, ते आता सांगतो.

नारिंगी टोपी

गेल्या वर्षी मे महिन्यात गावी जाताना मी डोंबिवलीच्या मेडिकलमधून सिरिंजचं एक मोठं पाकीट नेलं. दुकानात म्हटलं, "इन्सुलिनच्या सुया द्या." त्याने दिल्या. तिला वर्षभर धावपळ नको, एवढाच विचार.

जूनमध्ये सकाळची उपाशीपोटीची साखर २४० आली. मग २८०. जेवणानंतरची ३८०. मी फोनवर आईला बोललो. आंबे खाल्लेस का? फणस खाल्लास ना? ती म्हणाली, "यंदा एकव आंबो मी खावक नाय रे." माझा विश्वास बसला नाही. तिने पेज सोडली, दुपारचा भात निम्मा केला, शेजारच्या बारशाला गेली नाही. आकडा हलेना. पुढच्या तपासणीला डोस वाढवायचं डॉक्टर बोलत होते.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली आणि ती ऐकून मी खूष झालो होतो. आई म्हणाली, "बाटली अजून आसा. नको आणू." साडेबारा दिवसांची बाटली महिना पुरत होती. कारखान्यात एखादं ग्रीस १२ दिवसांऐवजी महिनाभर पुरलं असतं तर मी त्याच दिवशी मशिनजवळ जाऊन उभा राहिलो असतो. इथे मला वाटलं, बरं झालं, पैसे वाचले.

उपकेंद्रातल्या सिस्टर लसीकरणाला वाडीत आल्या होत्या. पाणी प्यायला घरात शिरल्या आणि फळीवरची सिरिंज बघून म्हणाल्या, "काकी, ही नारिंगी टोपीची कुठून आली?"

इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या असतात. लाल टोपीची ४० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपीची १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं, पेनातलं १०० चं. आईची बाटली ४० ची आणि मी नेलेल्या सिरिंज १०० च्या. त्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली, आणि ४० च्या बाटलीतून तेवढं ओढलं तर त्यात युनिट येतात फक्त आठ. आई रोज वीस समजून आठ घेत होती. रात्रीचे बारा म्हणजे जेमतेम पाच. ती पथ्य पाळत होती आणि मी तिला आंब्यांवरून झापत होतो.

ही चूक उलटी झाली तर जिवावर बेतते. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज, म्हणजे अडीचपट डोस. म्हणून गावी पोचलात की बाटली एका हातात आणि सिरिंज दुसऱ्या हातात धरून दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचा. ४० ला ४०, १०० ला १००. जुळले नाहीत तर सिरिंज बदला, पण त्याआधी डॉक्टरांना फोन करा. मधल्या काळात चुकीच्या सिरिंजवर बेतून त्यांनी डोस वाढवलेला असू शकतो आणि तोच योग्य सिरिंजने दिला तर साखर धाडकन खाली येईल. आम्ही फोन केला. डोस होता तोच राहिला.

त्या दिवशी बाटलीला मी लाल चिकटपट्टी लावली. आता मेडिकलमध्ये गेलेला शेजारचा पोरगाही "लाल टोपी, चाळीसची" असंच मागतो.

लाईट गेली तर

न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ कधीही नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला पहिल्यासारखं होतं, पण कामाचं राहत नाही, फेकून द्या. वापरातली बाटली मात्र बाहेर चालते, साधारण २५-३० अंशांच्या आत असेल तर चार आठवडे. बाटलीबरोबरच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. आमची तर १२ दिवसांत संपते. हे माहीत नव्हतं तेव्हा पावसात दोन दिवस लाईट नसली की आई बाटली घेऊन भर पावसात शेजारच्या इन्व्हर्टरवाल्या घरी जायची. श्रावणात त्याची काही गरज नाही.

खरा त्रास एप्रिल-मेमध्ये. तेव्हा मडकं. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत, डबी लहान मडक्यात, लहान मडकं मोठ्या मडक्यात, मधल्या जागेत वाळू, आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. वर ओलं फडकं. आपली कोकणातली हवा दमट, त्यामुळे घाटावरच्याइतकं गार होत नाही, पण कौलांखालच्या फळीपेक्षा कितीतरी बरं.

आईचं इन्सुलिन मिश्र आहे, दुधासारखं दिसतं. घेण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांत दहा वेळा हलकेच फिरवायची आणि दहा वेळा उलटी-सुलटी करायची. औषधाच्या बाटलीसारखी खळखळ हलवायची नाही. फिरवूनही गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटून राहिला तर ती बाटली बाद.

टोचायची जागा रोज थोडी सरकवायची. बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडून पोट, नाहीतर मांडी. आईच्या पोटाला हात लावून बघितला तर डाव्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ. चार वर्षं एकाच ठिकाणी टोचत होती, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही हे खरं, पण अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी पडत नाही. मी कालनिर्णयवर सोमवारपासून उजवं पोट, डावं पोट, उजवी मांडी, डावी मांडी असं लिहून दिलं आणि गाठीची जागा सोडून द्यायला सांगितली. वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत टाकायच्या, झाकण लावायचं, भरली की उपकेंद्रात नेऊन द्यायची. परसात फेकायची नाही. तिथे पोरं अनवाणी खेळतात.

साखर उतरते तेव्हा

वाढलेली साखर महिनोन् महिने त्रास देते, उतरलेली पंधरा मिनिटांत आडवं करते. आणि वाडीतल्या लोकांना फक्त पहिली माहीत असते. आईला घाम फुटलेला बघून एकदा शेजारच्या काकींनी तिच्या हातातला चहा काढून घेतला, "साखर वाढली असतली" म्हणून. माया होती त्यात, पण उलट झालं असतं.

साखर तपासायच्या मीटरवर ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली. हात थरथरणं, घाम, भूक, छातीत धडधड, नीट न बोलता येणं, ही सगळ्यांची लक्षणं. प्रत्येकाचं आपलं एक वेगळंही असतं, ते शोधून ठेवा. माझी आई उगाच कोंबड्यांवर ओरडायला लागते. काकींना मी हेच सांगून ठेवलंय. संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या खळ्यातून कोंबड्यांना शिव्या ऐकू आल्या की येऊन बघा.

काय करायचं? तीन चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून पाजायची. साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून ७० खाली असेल तर परत तेवढीच. वर आली की लगेच काहीतरी पोटभरीचं, भाकरी किंवा भात. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. बिस्किटं, चॉकलेट, लाडू यावर विसंबू नका, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. आणि माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी, साखर काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

तीन-तीन चमचे साखरेच्या पाच डब्या मी भरून ठेवल्या. गोळ्यांच्या रिकाम्या डब्या, वर पांढरी पट्टी आणि 'उतार' असं मोठ्या अक्षरात. एक चुलीजवळ, एक उशाशी, एक बाजाराच्या पिशवीत, एक काकींकडे. पाचवी देवघरात ठेवली तर आई म्हणाली तिथे खडीसाखर आहेच. तरीही ठेवली. खडीसाखर चावत बसायला लागते, आणि त्या वेळी दातांचं भान नसतं. त्यावर आई म्हणाली, "देवाची देवाक, माझी माका."

संकष्टीचं आधीच बोलून घ्या. चंद्रोदय रात्री नऊला, सकाळी इन्सुलिन टोचलेलं आणि पोटात काही नाही, हा सरळ साखर उतरायचा रस्ता. आमच्याकडे दोन वेळा झालं. उपास सोड म्हणून आईला सांगण्यात अर्थ नव्हता, ५० वर्षांची संकष्टी आहे ती. डॉक्टरांनाच फोनवर घेतलं. त्यांनी त्या दिवसाचा वेगळा डोस सांगितला आणि दुपारी खायलाच लावलं. आता ती दुपारी शेंगदाण्याचं कूट घातलेली भगर आणि ताक घेते. उपास सोडला नाही, उपाशी राहणं सोडलं. साबुदाण्याची खिचडी मात्र एका वाटीच्या वर नाही. उपासाचं आहे म्हणून ते साखरेचं नाही असं नसतं.

तपासणीच्या दिवसाची न्याहारी

उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून आई सकाळी सहाला निघायची. गाडी, रिक्षा, रांग, नंबर लागेपर्यंत दहा-साडेदहा. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून कधी घेऊन जायची, कधी न घेता. घेऊन उपाशी बसणं धोक्याचं. आता आम्ही असं करतो. बाटली, सिरिंज आणि भाकरीचा डबा पिशवीत. रक्त दिलं की तिथेच बाकावर इंजेक्शन, मग न्याहारी. तुमच्या डॉक्टरांना विचारून हेच कागदावर लिहून घ्या. आणि तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, एचबीएवनसी, तिला उपाशी राहावंच लागत नाही. फक्त तेवढीच असेल तर पेज पिऊन निवांत जाऊ द्या.

डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयची पानं फाडून न्यायची. आमच्याकडे त्या चौकोनांत पूर्वी दुधाचा हिशेब असायचा, आता वरच्या कोपऱ्यात साखर लिहितो. रोज तपासायची गरज नाही. मीटरची पट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडते. आठवड्यातून दोन दिवस, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर दोन तासांनी, एवढं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय. तपासण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायचे. फणस सोललेल्या बोटाने एकदा ३१० आला होता, धुतल्यावर १६४. वाडीत एकच मीटर फिरत असेल तर दर वापरानंतर तो जंतुनाशकाने पुसून घ्या. पण बोटाला टोचायचं पेन आणि सुई ज्याची त्याची. यात भिडेखातर हो म्हणायचं नाही.

वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी झालीय का, हे तुम्हीच विचारा. राहून जाते.

आहाराचा कागद आम्हाला एका मोठ्या रुग्णालयात मिळाला होता, छापील, गुळगुळीत. ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंद, ग्रीन टी. आईने तो दोन वर्षं जपून ठेवला होता आणि त्यातलं एकही अक्षर तिच्या चुलीपर्यंत पोचलं नव्हतं. मी तिच्या ताटासमोर बसून दुसरा लिहिला. उकड्या तांदळाची पेज चालेल, पण पेजेतला भातही मोजायचा. दुपारी भात डोंगर करून नाही, दोन वाट्या सपाट. त्याबरोबर कुळथाची पिठी नाहीतर बांगडा, आणि परसातलं जे काय असेल ते, अळू, भेंडी, दोडका. नारळ कमी कर असं मी लिहिलंच नाही, खोटं कशाला लिहा. मोदक दोन, आणि त्या जेवणाला भात एक वाटी. हा कागद तिने भिंतीला चिकटवला.

पाय

आई शेतात अनवाणी जाते, खळ्यात अनवाणी, घरात तर चप्पल म्हणजे पाप. साखरेने पायाची जाणीव कमी होते, काटा रुततो आणि कळत नाही. जखम जुनी झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) म्हणजे मऊ रबराची चप्पल घ्या, दोन जोड. एक बाहेरची, एक फक्त घरातली, कोरी, तांबड्या मातीला न लागलेली. तेव्हाच ती घरात पायात राहते. रात्री झोपताना तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. आंघोळीच्या पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून बघायचा, आणि गार पडले म्हणून पाय चुलीजवळ शेकायला न्यायचे नाहीत.

माणसं

आता सगळ्यात अवघड. तुम्ही पाच दिवसांनी परत जाणार आणि सामान तिथेच राहणार. ते चालवायला माणसं लागतात, आणि ती गणपतीतच सगळी एकत्र भेटतात. भजन संपल्यावर, उसळ-पावाच्या वेळी बोला.

आमची मांडणी अशी आहे. काकींकडे उतार डबी आणि माझा नंबर. त्यांचा नातू कणकवलीला कॉलेजला जातो, बाटल्या तो आणतो. मेडिकलवाल्याला मी डोंबिवलीहून पैसे पाठवतो, पोराच्या हातात रोकड नाही, म्हणजे हिशेबाची कटकट नाही. रात्रीबेरात्री यायला तयार असलेला एक रिक्षावाला, त्याचा नंबर दारामागे खडूने लिहिलाय. पुण्याची बहीण रविवारी फोन करते, भावजय बुधवारी, मी बाकीचे दिवस. आशाताईंना आईची फाईल दाखवून ठेवलीय, पण त्यांना रोजचं काम सांगू नका. वाड्याच्या वाड्या त्यांच्या डोक्यावर असतात. त्या तुमच्या घरच्या नाहीत.

काकींना मी पहिल्या वर्षी पाकिटात पैसे दिले. त्यांनी ते देवापुढे ठेवले आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता त्यांच्यासाठी मुंबईहून साडी नेतो, आणि मुख्य म्हणजे त्यांचाही बीपी तपासायला आईबरोबर गाडी करतो. पोराला दर महिन्याला मोबाईलचा रिचार्ज. हे त्याला आवडतं.

फोनचं एक सांगायचं राहिलं. आमच्या घरात रेंज नाही, खळ्याच्या कोपऱ्यात तुळशीपाशी मिळते. सकाळी साडेसातला मी ठाण्याला गाडी बदलत असतो. तेव्हा आई तुळशीपाशी उभी राहून भरलेली सिरिंज व्हिडिओत दाखवते. मी रेघ बघतो, हो म्हणतो, मग ती टोचते, अर्ध्या तासाने न्याहारी. कधी चित्र अडकतं. तेव्हा पोरगा फोटो पाठवतो.

नारिंगी टोपीच्या प्रकरणानंतर मी इतका धास्तावलो होतो की फोन उचलल्या उचलल्या विचारायचो, किती आली? एक दिवस ती म्हणाली, "झिला, तू फोन करतंस तो माझ्या साखरेक की माका?" मला प्लॅटफॉर्मवर काही सुचलं नाही. तेव्हापासून पाऊस, गाय, कोण वारलं, कोणाचं ठरलं, हे आधी होतं आणि आकडा शेवटी. गंमत म्हणजे आता आकडा ती आपणहून सांगते, वाईट आला तरी. एकटेपणामुळे जेवण सुटणं, झोप न लागणं, कशातच मन नसणं असं महिनाभर चाललं तर त्याकडे साखरेइतकंच लक्ष द्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतःही करू शकता. लांबून आई सांभाळणाऱ्यालाही लागतो.

निघायच्या आदल्या सकाळी काहीही न बोलता आईसमोर बसा आणि सगळं तिला एकटीला करू द्या. हात धुणं, तपासणं, बाटली फिरवणं, रेघ, टोचणं, लिहिणं. मी यंदा बसलो होतो. तिने बाटली तळव्यात फिरवली, सिरिंज उजेडाला धरली, टोपी मला दाखवली, "लाल आसा ना, बघ," आणि मग कालनिर्णयवर चष्म्याशिवाय १३८ लिहिलं, चौकोनाच्या बाहेर.

आणि मीटरची बॅटरी. आमच्या मीटरला गोल चपटी सीआर २०३२ लागते. कणकवलीत मिळते, तरी मी दोन जास्तीच्या नेतो आणि मीटरच्या खोक्यातच चिकटपट्टीने चिकटवून येतो.